पावसाचा सांगावा : माशांचे प्रजनन, मेंदू आणि संप्रेरके

मृगाच्या तोंडावर चंद्रपूर-गडचिरोलीतल्या एखाद्या माजी मालगुजारी तलावात जाळे टाकावे. रोहूची किंवा मृगळाची मोठी मादी हाती लागली, तर तिचे पोट गाभोळीने तटतटलेले असते. नराच्या छातीजवळच्या परावरून बोट फिरवले तर तो खरखरीत लागतो, आणि पोटावर हलका दाब दिला की पांढरे दूध बाहेर येते. नर तयार आहे, मादी तयार आहे. तरीसुद्धा त्या साचलेल्या पाण्यात रोहूचे पिल्लू सहसा जन्माला येत नाही. पाऊस पडतो, तलाव भरतो, सांडव्यावरून पाणी वाहून जाते, आणि पावसाळा सरता सरता मादीच्या पोटातली लाखो अंडी विरघळून तिच्याच अंगात जिरतात. गावच्या ढीवर संस्थेला दर वर्षी बाहेरून मत्स्यबीज विकत आणावे लागते, ते यामुळे.

अंडाशयात काहीच कमी नसते. घोडे पेंड खाते ते माशाच्या डोक्यात. नदीला आलेला पूर, वाहत्या पाण्याचा रेटा, एकाएकी उतरलेले तापमान, कडेच्या बुडालेल्या गवताचा वास, या साऱ्या खुणा जुळून आल्याशिवाय रोहूचा मेंदू शेवटचा हुकूम सोडत नाही. तो हुकूम कसा तयार होतो, कोणत्या वाटेने खाली उतरतो, त्याला कोण अडवून धरतो आणि माणसाने तोच हुकूम बाहेरून द्यायला कसे शिकून घेतले, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषयाची चौकट आधी सांगतो. हाडांचा सांगाडा असलेल्या माशांना आपण अस्थिमत्स्य म्हणतो. कटला, मरळ, मागूर, शिंगीपासून समुद्रातल्या सुरमईपर्यंत आपल्या ताटात येणारे बहुतेक मासे यातलेच. त्यांच्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस हा भाग असतो आणि त्याला लागून खाली पियुषिका ग्रंथी. दिवसाची लांबी डोळ्यांना आणि डोक्यातल्या पिनिअल ग्रंथीला कळते, पाण्याचे तापमान त्वचेला कळते, वास नाकपुड्यांना कळतो, पोटात अन्न किती आहे याची खबर आतड्यातून येते. या साऱ्या खबरा हायपोथॅलॅमसमध्ये एकत्र होतात. तिथल्या चेतापेशी जीएनआरएच नावाचे दहा अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन तयार करतात. ते पियुषिकेला मिळाले की पियुषिका दोन संप्रेरके रक्तात सोडते, एफएसएच आणि एलएच. ती अंडाशयापर्यंत किंवा वृषणापर्यंत पोहोचतात, तिथे स्टेरॉइड संप्रेरके तयार होतात, आणि त्यातली काही पुन्हा मेंदूकडे जाऊन काम कुठवर आले ते कळवतात.

इथवर मासा आणि माणूस यांत फारसा फरक नाही. फरक पुढे आहे. सस्तन प्राण्यांत हायपोथॅलॅमसचे निरोप रक्ताच्या बारीक नलिकांतून पियुषिकेकडे जातात. अस्थिमत्स्यांत ही रक्तवाट जवळजवळ नाहीच. तिथे मेंदूतल्या चेतापेशींचे तंतू थेट पियुषिकेच्या आत शिरतात आणि संप्रेरक बनवणाऱ्या पेशींच्या शेजारी जाऊन थांबतात. शिवाय माणसात एफएसएच आणि एलएच अनेकदा एकाच पेशीत बनतात, माशांत त्यांच्या पेशी वेगवेगळ्या असतात. संशोधकांना हा मोठाच लाभ झाला. कोणता तंतू कुठे जातो आणि कोणत्या पेशीला भिडतो, हे माशाच्या पियुषिकेचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की दिसते.

अंड्याच्या वाटचालीचे दोन टप्पे ध्यानात ठेवले की पुढचे सारे सोपे जाते. पहिला टप्पा भरणीचा. एफएसएचच्या सांगण्यावरून अंडपुटकातल्या, म्हणजे अंड्याभोवतीच्या वेष्टनातल्या, बाहेरच्या पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात, आतल्या पेशी त्याचे इस्ट्राडिऑल करतात, इस्ट्राडिऑल यकृताला जाऊन सांगते, आणि यकृत व्हायटेलोजेनिन नावाचे प्रथिन रक्तात सोडते. तेच अंड्यात साठून पिवळा बलक होतो. हे काम उन्हाळाभर चालते. दुसरा टप्पा सुटकेचा, आणि तो काही तासांचा. एलएचची मोठी लाट येते, अंडपुटकातले रसायनकाम पालटते आणि इस्ट्राडिऑलऐवजी एक वेगळेच स्टेरॉइड तयार होऊ लागते. योशिताका नागाहामा आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८५ मध्ये जपानी सामनमध्ये ते ओळखून दाखवले. या स्टेरॉइडमुळे अंड्याचे केंद्रक मधून कडेला सरकते, त्याचे आवरण विरते आणि अंडे मोकळे होते. तलावातली रोहू पहिला टप्पा पुरा करते आणि दुसऱ्याच्या उंबरठ्यावर अडकते, कारण एलएचची लाट येत नाही.

ती का येत नाही, याचा उलगडा व्हायला बराच काळ गेला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात रिचर्ड पीटर यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत गोल्डफिशवर काम केले. मेंदूच्या पुढच्या भागातला एक ठरावीक तुकडा निकामी केला तर माशाला आपोआप अंडी सुटतात, असे त्यांना दिसले. याचा अर्थ तिथून काहीतरी सतत अडवणूक करत होते. ते रसायन डोपामिन निघाले. रोहू आणि गोल्डफिश ज्यातले, त्या कार्प कुळातल्या माशांत जीएनआरएच एलएचला पुढे ढकलते आणि डोपामिन त्याला मागे खेचते. नुसते ढकलून भागत नाही, मागची ओढही सैल करावी लागते. सगळ्या माशांत ही ओढ सारखी नसते, समुद्री माशांच्या अनेक जातींत ती फारच थोडी असते. पण आपल्या तलावांतल्या माशांसाठी या विषयातला हाच सर्वांत कामाचा शोध, असे माझे मत आहे.

अर्थात माणसाने उलगड्याची वाट पाहिली नव्हती. कारण कळण्याच्या कितीतरी आधी उपाय हाती आला होता. १९३० मध्ये अर्जेंटिनात बर्नार्डो हुसे यांनी एका माशाची पियुषिका दुसऱ्या माशाला टोचून प्रजननावर परिणाम घडवून दाखवला. पुढे काही वर्षांतच ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी ही रीत प्रत्यक्ष मत्स्यबीजासाठी वापरली. आपल्याकडे १९३० च्या दशकाच्या अखेरीस पंजाबात हमीद खान यांनी मृगळावर सस्तन प्राण्यांच्या पियुषिकेचा प्रयोग केला. निर्णायक यश आले ते १० जुलै १९५७ रोजी. ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्याच पियुषिकेचा अर्क टोचून भारतीय कार्पकडून बंदिस्त पाण्यात अंडी घेतली. १० जुलै हा दिवस देशभर राष्ट्रीय मत्स्यपालक दिन म्हणून पाळतात, तो याच कारणाने. त्याआधी देशातले कार्पचे बीज नद्यांतून गोळा होई आणि कोलकात्याकडून रेल्वेने दूरदूर जाई. वाटेत त्यातले किती मरे आणि त्यात नको त्या जातींची भेसळ किती असे, हे जुन्या मच्छीमारांकडून ऐकण्यासारखे आहे.

त्या पद्धतीचे हातकाम आजच्या विद्यार्थ्याने एकदा तरी करून पाहावे. सकाळच्या बाजारात ताज्या कापलेल्या माशाचे डोके घ्यायचे, कवटीचा वरचा भाग छिन्नीने उडवायचा, मेंदू हलकेच मागे सारायचा. खाली हाडाच्या खोबणीत पातळ पडद्याखाली तांदळाच्या कणीएवढी पांढुरकी ग्रंथी दिसते. चिमट्याने ती न फुटता उचलणे हीच सारी कला. मग ती शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायची, अल्कोहोल दुसऱ्या दिवशी बदलायचे, आणि वापरायच्या वेळी वजन करून काचेच्या खलात पाण्याबरोबर घोटायची. मादीला संध्याकाळी किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅमची पहिली सुई, सहा तासांनी ५ ते ८ मिलिग्रॅमची दुसरी. नराला एकच, मादीच्या दुसऱ्या सुईच्या वेळी. मग जोड्या हाप्यात, म्हणजे पाण्यात टांगलेल्या कापडी पेटीत, सोडायच्या. पहाटेच्या सुमारास हाप्यातले पाणी खळबळू लागते, आणि उजाडल्यावर कापडाच्या तळाशी फुगलेल्या पारदर्शक अंड्यांचा थर दिसतो. १५ ते १८ तासांत त्यातून जिरे, म्हणजे इवलीशी पिल्ले, बाहेर येते.

पुढचा काळ रसायनांचा. अँड्र्यू शॅली आणि रॉजर गियमँ यांनी १९७१ मध्ये सस्तन प्राण्यांतल्या जीएनआरएचची रचना उलगडली, त्याबद्दल त्यांना १९७७ चे नोबेल मिळाले. सामनमधल्या जीएनआरएचची रचना १९८३ मध्ये कळली. त्याची अधिक टिकाऊ प्रतिकृती आणि डोपामिनला अडवणारे डोम्पेरिडोन, अशी जोडी चीनचे लिन हाओरान आणि कॅनडाचे पीटर यांनी बसवली. दोघांच्या नावांवरून तिला लिनपे पद्धत म्हणतात. डोम्पेरिडोन हे आपण उलटीवर घेतो तेच औषध. ओव्हाप्रिम नावाने ही जोडी बाजारात आली, मागोमाग मुंबईच्या हेमो फार्माने ओव्हाटाइड काढले आणि वोकहार्टने वोव्हा-एफएच. दोन सुयांच्या जागी एक सुई आली, ग्रंथी गोळा करण्याचा खटाटोप संपला. आज पूर्व विदर्भातल्या मत्स्यबीज केंद्रावर जी कुपी फोडली जाते, तिच्यात गोल्डफिशच्या मेंदूवरचे ते सारे संशोधन भरलेले असते.

मेंदूची रचना शोधणाऱ्यांची परंपरा वेगळी आहे, आणि तिचा एक भक्कम धागा आपल्या विदर्भातलाच आहे. आमच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट अनेकदा ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहितो. नागपूर विद्यापीठात पी. डी. प्रसाद राव यांनी आणि निशिकांत सुभेदार यांनी मागूर माशाच्या मेंदूवर दशकानुदशके काम केले. मागुराच्या मेंदूत आणि पियुषिकेत जीएनआरएच नेमके कोणत्या पेशींत असते, हे सुभेदार यांनी सहकाऱ्यासह १९८८ मध्ये दाखवले. पुढे त्यांच्या गटाने न्यूरोपेप्टाइड वाय या भुकेशी निगडित रसायनाचे प्रमाण मादी मागुराच्या मेंदूत प्रजननाच्या हंगामानुसार कसे बदलते ते तपासले, तो निबंध २००७ चा. हा मासा आपल्या भातखाचरांतला आहे. गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी या कामाकडे घरचे काम म्हणून पाहावे, अशी माझी इच्छा आहे.

तिसरी परंपरा ऋतूंची. दिल्ली विद्यापीठात बी. आय. सुंदरराज यांनी शिंगी माशावर उजेड आणि तापमान बदलून प्रयोग केले आणि या माशाची जननग्रंथी पिकण्यात उबदार पाण्याचा वाटा किती मोठा आहे ते पुढे आणले. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी सामन कुळातल्या एका माशात मेंदूच्या तळाशी असलेली सॅकस व्हॅस्क्युलोसस ही रक्ताळ पिशवी दिवसाची लांबी ओळखते, असे सिद्ध केले. शरीरशास्त्रज्ञांना ही पिशवी शतकानुशतके दिसत होती, तिचे काम मात्र कोणाला सांगता येत नव्हते. पाण्यात सुटणाऱ्या गंधसंदेशांचे संशोधनही याच परंपरेशेजारी वाढले. गोल्डफिशच्या मादीच्या अंगातली संप्रेरके पाण्यात उतरतात आणि नराचे शरीर त्या वासाने तयार होते. एका माशाचे संप्रेरक दुसऱ्या माशासाठी निरोप होऊन जाते, हे कळले तेव्हा या शास्त्राची हद्द एका शरीरापुरती राहिली नाही.

जनुकांच्या परंपरेने मात्र जुन्या समजुतींना धक्के दिले. किसपेप्टिन हे प्रथिन नसेल तर माणूस वयात येत नाही, म्हणून माशांतही तीच किल्ली असावी असे वाटत होते. २०१५ मध्ये झेब्राफिशमधली ती जनुके काढून टाकली, तरी मासे सुखेनैव अंडी घालत राहिले. पुढे जीएनआरएच काढून पाहिले, तरीही झेब्राफिशचे प्रजनन थांबले नाही. एलएच काढल्यावर मात्र मादीला अंडी सोडता येईनात. एक वाट बंद झाली तर मेंदू दुसरी काढतो, शेवटची वाट मात्र एकच आहे, असा याचा अर्थ मी लावतो. आणि २०२४ मध्ये जपान व इस्रायलच्या गटांनी वेगवेगळ्या माशांत दाखवले की एफएसएच सोडायला लावणारे मुख्य रसायन कोलेसिस्टोकायनिन आहे, म्हणजे पोट भरल्याची खबर देणारे संप्रेरक. पोटभर खाल्लेली मादीच अंडी भरू शकते, हे ढीवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मेंदूत ती गाठ कुठे पडते हे आता कळले.

या विषयाचे पुस्तक आत्ता आणि चंद्रपूर व गडचिरोली याच दोन जिल्ह्यांसाठी का, हे सांगायला हवे. १९८२ पर्यंत एकच असलेला हा मुलूख पाण्याच्या बाबतीत श्रीमंत आहे. वर्धा आणि वैनगंगा इथे मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते, भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव पूर्व विदर्भात आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, देखभालीचा धनी हरपला. याच तलावांवर ढीवरांचे पोट आहे.

मत्स्यबीजाच्या सुईने या तलावांना रोहू-कटला दिला, याचे मोल मी कमी लेखत नाही. पण सुईमुळे एक प्रश्न विचारायचाच राहून गेला. सुई मेंदूला बगल देते. मेंदू कशाची वाट पाहत होता, हे न विचारताच काम होते. ज्या जातींना सुई लागू पडली त्या वाढल्या. ज्यांची रीत वेगळी, त्या मागे पडल्या. मागुराचेच पाहा. त्याच्या नराचे पोट दाबून दूध निघत नाही, त्याला कापून वृषण काढावे लागते. एवढा व्याप कोण करणार, म्हणून बाजारात थाय मागूर आला. भारतात २००० पासून त्यावर बंदी आहे, तरी तो छुप्या रीतीने पाळला जातो आणि सुटला की देशी मासे खाऊन टाकतो. देशी मागूर वाचवायचा तर त्याचे बिळातले प्रजनन कोणत्या खुणांवर सुरू होते ते समजून घ्यावे लागेल. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी ढीवरांना सोबत घेऊन तलावांत देशी पाणवनस्पती लावतात, देशी मासे परत आणतात. त्या कामामागे हाच विचार आहे असे मला वाटते. मासा अंडी कुठे चिकटवील, पिल्लू कशाआड लपेल, हे आधी पाहायचे आणि बीज नंतर सोडायचे.

खुणाही आता पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत. चंद्रपूरचा उन्हाळा देशात सर्वांत कडक उन्हाळ्यांत मोजला जातो. उथळ तलावाचे पाणी मे महिन्यात तापले की भरणीच्या ऐन काळात मादीला ताण बसतो. मृगात एक सर पडून महिनाभर उघडीप झाली, तर अर्धवट सांगावा मिळालेली मासळी अडकून पडते. वैनगंगेवर वर गोसीखुर्द धरण आहे, खाली चामोर्शीजवळ चिचडोह बंधारा आहे. नदीचा पूर आता ढगांइतकाच दरवाज्यांच्या वेळापत्रकावर येतो. माशाच्या मेंदूने हजारो वर्षे जी भाषा ऐकली, तिचे व्याकरण आपण बदलत आहोत. पाण्यात मिसळणाऱ्या रसायनांचा धोका त्याहून अदृश्य आहे. कॅनडात एका प्रायोगिक तलावात संततिनियमनाच्या गोळीतले कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरमागे केवळ ५ ते ६ नॅनोग्रॅम या प्रमाणात तीन उन्हाळे सोडले, आणि तिथल्या एका छोट्या माशाची वसाहत जवळजवळ नष्ट झाली. नरांच्या वृषणांत अंडी दिसू लागली होती. तो निबंध २००७ मध्ये आला. शेतातले आणि शहरातले पाणी अखेर तलावातच उतरते, हे आपल्या ग्रामपंचायतींनी ध्यानात घ्यावे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जलाशयातल्या माशांवरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. मेंढा लेखासारख्या गावांनी बांबूचा हक्क मिळवून व्यवस्थापन करून दाखवले. तलावाचा आणि डोहाचा हक्क मिळाल्यावर मासेमारी कधी थांबवायची, कोणत्या मापाची मादी सोडून द्यायची, हे ग्रामसभेने ठरवायचे आहे. ते ठरवायला माशाच्या शरीराचे ज्ञान लागते. ते इंग्रजी पाठ्यपुस्तकांत कोंडलेले असून चालणार नाही.

म्हणून या पुस्तकाने काही गोष्टी जाणूनबुजून केल्या आहेत. उदाहरणे शक्यतो इथल्याच माशांची घेतली आहेत, गोल्डफिश आणि झेब्राफिश जिथे अपरिहार्य तिथेच येतात. सुईचे प्रमाण दिले आहे, पण हे सुईचे पाकपुस्तक नाही. प्रत्येक ठिकाणी ती सुई मेंदूतल्या कोणत्या पायरीची जागा घेते, ते सांगितले आहे. शार्क-मुशीसारखे कूर्चामत्स्य सोडून दिले आहेत, त्यांची कहाणी निराळी आहे. ढीवरांचे अनुभव वेगळ्या चौकटीत सजवून मांडलेले नाहीत, ते प्रयोगांच्या शेजारी, त्याच ओळीत आहेत, कारण दोन्ही निरीक्षणेच आहेत. काही प्रकरणे कठीण वाटतील. स्टेरॉइडांची साखळी पहिल्या वाचनात डोक्यात राहत नाही, ती वगळून पुढे जावे आणि परत यावे.

वाचकांकडे एक मागणे आहे. मरळीची जोडी पिल्लांचा लालसर थवा सांभाळत तलावाच्या कडेने फिरताना दिसली, तर त्या दिवसांत तिच्यावर गळ टाकू नका. आईबाप गेले की थवा दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. आणि थवा प्रथम दिसला ती तारीख, त्याआधी मोठा पाऊस कधी झाला, पाणी किती चढले होते, तलावाचे नाव काय, एवढे एका वहीत दर वर्षी लिहून ठेवा. दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळा, महाविद्यालये आणि मत्स्य सहकारी संस्थांनी अशा वह्या सुरू कराव्यात, आणि त्या एकमेकांना दाखवाव्यात.